नाजूक वाटाघाटी सुरू असताना परराष्ट्रमंत्र्यांची भेट कशी जुळवावी

परराष्ट्र खात्यात, मध्यस्थाच्या कार्यालयात किंवा एखाद्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सचिवालयात नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यावर हे काम बहुधा एका ओळीच्या निरोपाने येऊन पडते: दोन्ही मंत्र्यांची भेट घडवायची आहे, तयारीला लागा. निरोप हाती पडताच नवखा माणूस तारीख, शहर आणि हॉटेल यांच्या मागे लागतो. या सगळ्या गोष्टी लागतातच, पण त्या नंतर येतात. भेटीची व्यवस्था ही वाटाघाटीची पूर्वतयारी नसून वाटाघाटीचीच पहिली फेरी असते आणि ती फेरी मंत्री नव्हे, तर तुम्ही खेळत असता, हे ध्यानात ठेवून पुढील पायऱ्या वाचाव्यात.

पहिली पायरी: संध्याकाळचे वाक्य लिहून काढा

भेट झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी प्रत्येक मंत्री आपापल्या देशाला काय सांगणार आहे, हे एकेका वाक्यात लिहून काढावे. आपल्या मंत्र्याचे वाक्य लिहिणे सोपे असते. समोरच्या मंत्र्याचे वाक्य त्याच्या संसदेत, त्याच्या पक्षात आणि त्याच्या वृत्तपत्रांत टिकेल असे लिहिता आले, तरच भेट जुळण्याजोगी आहे असे समजावे. ही दोन वाक्ये सारखी असण्याची गरज नाही. ती एकमेकांना खोटे पाडणारी नसली म्हणजे पुरे.

हे वाक्य भेटीच्या हेतूवर ठरते आणि हेतू अनेक प्रकारचे असू शकतात. जानेवारी १९८५ मध्ये जिनिव्हा येथे अमेरिकेचे जॉर्ज शुल्ट्झ आणि सोव्हिएत संघाचे आंद्रेई ग्रोमिको भेटले, तेव्हा त्यांना शस्त्रकपातीचा करार करायचा नव्हता. तुटलेल्या वाटाघाटी कोणत्या चौकटीत पुन्हा सुरू करायच्या एवढेच ठरवायचे होते, आणि दोन दिवसांत ते ठरलेही. सहा वर्षांनी, ९ जानेवारी १९९१ रोजी, त्याच शहरात अमेरिकेचे जेम्स बेकर आणि इराकचे तारिक अझीझ सुमारे साडेसहा तास बसले. आखाती युद्ध टाळण्याचा शेवटचा प्रयत्न झाला हे जगाला दिसावे, हा त्या भेटीचा मोठा भाग होता. दोन्ही भेटी परराष्ट्रमंत्र्यांच्याच, पण पहिलीसाठी तज्ज्ञांचे मोठे पथक आणि मसुद्याचा कागद लागतो, तर दुसरीसाठी प्रत्येक शब्दाची नोंद आणि भेटीनंतरची पत्रकार परिषद महत्त्वाची ठरते. हेतू न ठरवता केलेली व्यवस्था नेमकी चुकीच्या ठिकाणी मजबूत निघते.

मंत्र्यांनी स्वतः काय सोडवायचे आणि काय त्यांच्यापर्यंत जाऊच द्यायचे नाही, हेही याच टप्प्यावर ठरवावे. मंत्री भेटतात ते राहिलेल्या दोन-तीन गाठी सोडवण्यासाठी. तेरा-चौदा मुद्दे उघडे ठेवून त्यांना एका खोलीत बसवले, तर पहिला तास कोणत्या मुद्द्यापासून सुरुवात करायची यातच जातो.

दुसरी पायरी: आधी कोणी विचारले, हे कोणालाही सांगता येऊ नये

नाजूक काळात भेटीची मागणी करणारा पक्ष दुबळा ठरतो, निदान तसे चित्र रंगवले जाते. म्हणून मागणीला घर नसावे. याचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत चांगला उपाय म्हणजे तिसऱ्याने बोलावणे. दोन्ही पक्षांकडे आधी चाचपणी करायची, होकार मिळाल्यावर यजमान देशाने दोघांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचे निमंत्रण पाठवायचे आणि दोघांनी ते स्वीकारायचे. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे दिमित्रो कुलेबा आणि रशियाचे सेर्गेई लाव्हरोव्ह तुर्कस्तानातील अंताल्या येथे भेटले, तेव्हा तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्रीही टेबलाशी बसले होते. दोघांपैकी कोणालाही ‘मी भेटायला गेलो’ असे म्हणावे लागले नाही. दोघेही यजमानाच्या निमंत्रणावरून आले होते.

चाचपणी कोणत्या वाटेने करायची हे संबंध किती ताणले आहेत यावर अवलंबून असते. राजदूतावास उघडे असतील तर राजदूतामार्फत तोंडी निरोप पुरतो. संबंधच तुटलेले असतील तर हितरक्षक देशाची वाट उरते. १९८० पासून स्वित्झर्लंड इराणमध्ये अमेरिकेचे हितसंबंध सांभाळते, ते याच पद्धतीने. त्याहूनही आडवाट हवी असेल, तर असा देश शोधावा ज्याला दोघेही फोन करतात. अमेरिका आणि इराण यांचे अधिकारी २०१२ पासून ओमानमध्ये गुपचूप भेटत होते, आणि त्या भेटींनी जमीन नांगरून ठेवली होती म्हणूनच सप्टेंबर २०१३ मध्ये दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी आणि जवाद झरीफ संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत अर्धा तास एकमेकांशी बोलू शकले. नॉर्वेने १९९३ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातील ऑस्लोच्या वाटाघाटी सुरू केल्या त्या एका संशोधन संस्थेच्या आडून.

पहिल्या चाचपणीचा कागद लेटरहेडवर लिहू नये. शिक्का, सही आणि क्रमांक नसलेला कागद, ज्याला या व्यवसायात सर्वत्र ‘नॉन-पेपर’ म्हणतात, त्याचा उपयोग असा की नकार आला तर प्रस्ताव कधी दिलाच नव्हता असे दोन्ही बाजूंना खरेपणाने म्हणता येते. नव्या अधिकाऱ्याला हे ढोंग वाटते. ते ढोंग नव्हे. नकार देणाऱ्यालाही उद्या होकार देण्याची जागा राखून ठेवणे आहे.

भेट ठरल्यावर घोषणेची घाई करू नये, हेही इथेच सांगतो. सप्टेंबर २०१८ मध्ये भारत आणि पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांची न्यूयॉर्कमधील भेट जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. घोषणा आणि भेट यांच्यात जितके दिवस, तितकी ती भेट मोडण्याची संधी दोन्ही देशांतील विरोधकांना आणि घटनांना मिळते. माझे मत असे की अतिशय ताणलेल्या संबंधांत घोषणा भेटीच्या आदल्या दिवसापूर्वी करूच नये, आणि ती दोन्ही राजधान्यांतून एकाच वेळी, एकाच मजकुराने व्हावी.

तिसरी पायरी: ठिकाण आणि निमित्त

ठिकाण निवडताना शहर किती सुंदर आहे हे पाहायचे नसते. चार प्रश्न विचारायचे असतात. तिथे दोघांनाही प्रवेश मिळतो का, तिथे पोचताना कोणाचे विमान अडू शकते, तिथे पत्रकारांना किती अंतरावर ठेवता येते, आणि त्या ठिकाणाच्या नावाला कोणत्या बाजूसाठी काही कडू इतिहास आहे का.

प्रवेशाचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. १९८८ मध्ये पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांना अमेरिकेने व्हिसा नाकारला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला त्या चर्चेपुरते न्यूयॉर्क सोडून जिनिव्हाला यावे लागले. पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्याला परक्या देशाच्या फौजदारी कारवाईपासून पूर्ण संरक्षण असते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २००२ मध्ये काँगो विरुद्ध बेल्जियम या प्रकरणात दिला आहे. परंतु मंत्र्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक सल्लागाराला तेच कवच आहे असे गृहीत धरू नये. शिष्टमंडळात प्रवासबंदीच्या यादीतील कोणी असेल तर त्याची सूट आधी, लेखी, आणि परतीच्या प्रवासासह घ्यावी. आकाशमार्गाचेही तसेच. जून २०२२ मध्ये सर्बियाला निघालेल्या रशियन परराष्ट्रमंत्र्यांचा दौरा रद्द झाला, कारण वाटेतील बल्गेरिया, उत्तर मॅसिडोनिया आणि माँटेनेग्रो यांनी त्यांच्या विमानाला आपल्या हद्दीतून जाऊ दिले नाही. यजमान राजी आहे एवढ्याने भागत नाही. नकाशा उघडून मधले देश मोजावेत.

एखाद्या बहुपक्षीय परिषदेच्या वेळी बाजूच्या खोलीत भेट घडवणे हा नवशिक्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. दोन्ही मंत्री तिथे असणारच असतात, म्हणून कोणीही कोणासाठी प्रवास केलेला नसतो. जूनमधील गलवानच्या संघर्षानंतर भारत आणि चीनचे परराष्ट्रमंत्री १० सप्टेंबर २०२० रोजी मॉस्कोत भेटले ते शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीच्या निमित्ताने, आणि त्यातून पाच मुद्द्यांचे संयुक्त निवेदन निघाले. या मार्गाची उणीव म्हणजे वेळ. परिषदेच्या वेळापत्रकात मिळणारी फट अर्ध्या तासाची असते आणि पुढची बैठक दारावर टकटक करत असते. लांबणारी चर्चा अपेक्षित असेल तर खोली दिवसअखेरीची घ्यावी, म्हणजे पुढे कोणाला ती लागणार नाही. २०१५ च्या इराण अणुकरारासाठी ३० जूनची मुदत होती. परराष्ट्रमंत्री व्हिएन्नातून १४ जुलैला करार घेऊन बाहेर पडले. तिथले हॉटेल ठरल्या दिवशीच रिकामे करावे लागले असते, तर काय झाले असते याची कल्पना करावी.

चौथी पायरी: कोण, किती आणि समोरासमोर की नाही

मंत्र्यांना अखेरीस भेटवायचे असते, आरंभी नाही. सौदी अरेबिया आणि इराण यांनी २०१६ मध्ये तोडलेले संबंध पुन्हा जोडण्याचे ठरवले ते १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये, सुरक्षाविषयक वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सहीने. परराष्ट्रमंत्री त्याच शहरात ६ एप्रिलला भेटले, तेव्हा काय अमलात आणायचे याचा कागद तयार होता. तुमच्या प्रकरणात असा कागद कोण तयार करत आहे आणि तो कुठवर आला आहे, हे माहीत नसेल तर भेटीची तारीख पुढे ढकलण्याचा सल्ला वरिष्ठांना द्यावा. हा सल्ला कोणाला आवडत नाही.

दोन पक्ष एकमेकांना मान्यताच देत नसतील तर एका खोलीत बसवण्याचा हट्ट धरू नये. १९४९ मध्ये ऱ्होड्स बेटावर संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ राल्फ बंच यांनी इस्रायल आणि अरब देशांशी एकेक करून शस्त्रसंधीची बोलणी केली, ती सुरुवातीला शिष्टमंडळांना वेगवेगळे ठेवूनच. अफगाणिस्तानविषयी जिनिव्हातील बोलणी जून १९८२ मध्ये सुरू होऊन एप्रिल १९८८ मध्ये संपली. पाकिस्तान काबूलच्या सरकारला मानत नसल्यामुळे संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ दिएगो कोर्दोव्हेझ एका खोलीतला प्रस्ताव दुसऱ्या खोलीत नेत राहिले. अशा व्यवस्थेत मध्यस्थाच्या चालण्याचे अंतर महत्त्वाचे. दोन खोल्या एकाच मजल्यावर, पण एकीच्या दारातून दुसरीचे दार दिसणार नाही अशा असाव्यात, आणि दोघींपासून सारख्याच अंतरावर मध्यस्थाची स्वतःची खोली असावी.

समोरासमोर भेट ठरली तर माणसांची संख्या आधी बांधून घ्यावी. ‘एकास तीन’ म्हणजे मंत्री आणि तिघे, की मंत्री धरून तिघे, या एका गैरसमजामुळे दारात खुर्च्या ओढण्याची वेळ येते. दुभाषी या संख्येत मोजायचा की नाही तेही लिहून घ्यावे. माझी शिफारस तीन भागांची असते: प्रथम कॅमेऱ्यांसमोर क्षणभर, मग दोन्ही मंत्री, दोन दुभाषी आणि दोन नोंद घेणारे एवढ्यांचीच छोटी बैठक, आणि शेवटी पूर्ण शिष्टमंडळे. छोटी बैठक आधी ठेवावी, कारण मंत्री ताजेतवाने असताना जे बोलतात ते वीस माणसांसमोर बसल्यावर बोलत नाहीत. नोंद घेणाऱ्यालाही बाहेर काढा असे मंत्री म्हणाले तर नम्रपणे विरोध करावा. नोंद नसलेल्या भेटीतून दोन वेगवेगळ्या आठवणी बाहेर पडतात आणि पुढचे काही महिने त्या आठवणींची भांडणे मिटवण्यात जातात.

पाचवी पायरी: खोली

नवखे लोक या भागावर हसतात. हसू नये.

व्हिएतनामविषयीच्या पॅरिस वाटाघाटी १९६८ च्या अखेरीस टेबलाच्या आकारावर अनेक आठवडे अडून राहिल्या. टेबल चौकोनी केले तर चार स्वतंत्र पक्ष मानल्यासारखे होते, समोरासमोरची दोन लांब टेबले ठेवली तर दोनच पक्ष. जानेवारी १९६९ मध्ये तोडगा निघाला: मध्ये एक मोठे गोल टेबल, त्याच्या दोन विरुद्ध बाजूंना सुमारे ४५ सेंटिमीटर अंतरावर दोन लहान आयताकृती टेबले, आणि कुठेही ध्वज किंवा नावाची पाटी नाही. प्रत्येकाला आपल्याला हवी ती आकृती त्यात पाहता आली. भांडण लाकडाचे नव्हते; दक्षिण व्हिएतनामचे सायगाव सरकार आणि त्याच्याशी लढणारी संघटना हे समान पक्ष आहेत का, या युद्धाच्या मूळ प्रश्नाचे होते. त्याआधी, १९५९ मध्ये चार महासत्तांचे परराष्ट्रमंत्री जिनिव्हात जर्मनीच्या प्रश्नावर बसले, तेव्हाही दोन्ही जर्मन शिष्टमंडळांना मुख्य गोल टेबलाजवळच, पण वेगळ्या टेबलांवर जागा दिली होती. जवळ, पण जोडलेले नाही: ही युक्ती अजूनही कामाला येते.

ध्वज दोघांचे असावेत किंवा दोघांचेही नसावेत, आणि असले तर आकार, उंची आणि काठीसुद्धा सारखी असावी. खुर्च्यांची उंची स्वतः बसून तपासावी. जानेवारी २०१० मध्ये इस्रायलच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांनी तुर्कस्तानच्या राजदूतांना मुद्दाम खालच्या आसनावर बसवले, टेबलावर फक्त इस्रायलचा ध्वज ठेवला आणि शेवटी इस्रायलला माफी मागावी लागली. तिथे तो हेतुपुरस्सर अपमान होता, पण सोफ्याची बैठक खोल गेल्यामुळे अजाणता झालेला अपमानही छायाचित्रात तसाच दिसतो, आणि छायाचित्र हेतू सांगत नाही. नावाच्या पाट्यांवर देशाचे नाव काय लिहायचे हा वादाचा विषय असेल, तर पाट्या ठेवूच नयेत किंवा फक्त व्यक्तींची नावे लिहावीत. मॅसिडोनिया १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला तो ‘पूर्वीचे युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ अशा तात्पुरत्या उल्लेखाने, आणि इंग्रजी वर्णक्रमात ‘एम’ नको, ‘एफ’ही नको म्हणून त्याला नावाआधीच्या ‘द’ या उपपदाच्या ‘टी’खाली, थायलंडच्या शेजारी बसवले गेले. नावावरून ग्रीसशी असलेला हा वाद मिटवणारा करार दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी प्रेस्पा सरोवराच्या काठी सही करून केला तो जून २०१८ मध्ये.

दारांचा विचार करावा. एकच दार असेल तर आधी कोण आत येणार हा प्रश्न उरतोच; तो सोडवण्याची सोपी रीत म्हणजे यजमानाने आत थांबणे, एका मंत्र्याला ठरल्या वेळी आणि दुसऱ्याला पाच मिनिटांनी आणणे, आणि निघताना हाच क्रम उलटा करणे. हस्तांदोलन होणार का, कुठे होणार आणि तेव्हा कॅमेरे असणार का, हे दोन्ही बाजूंच्या राजशिष्टाचार अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. शिष्टमंडळांच्या विश्रांतिकक्षांत सुरक्षित फोनची सोय हवी, कारण राजधानीला विचारल्याशिवाय कोणताही मंत्री अखेरचा शब्द देत नाही. मोबाइल फोन बाहेर ठेवायचे असतील तर तो नियम दोन्ही मंत्र्यांनाही लागू आहे हे आधी कळवावे, दारात नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी कुठल्याही राजशिष्टाचाराच्या नियमावलीत सापडत नाही. कॉफीच्या टेबलाजवळ दोन खुर्च्या अशा ठेवाव्यात की त्या खोलीतल्या बाकीच्यांना फारशा दिसणार नाहीत. त्या रिकाम्या राहिल्या तर काही बिघडत नाही.

सहावी पायरी: कागद आणि भाषा

विषयपत्रिका म्हणजे निर्णयांची यादी नव्हे, बोलण्याची परवानगी आहे. एखादा विषय पत्रिकेत असणेच एका पक्षाला मान्य नसेल, तर ‘परस्पर हिताचे इतर विषय’ अशी ओळ शेवटी ठेवावी आणि कोणत्या मंत्र्याने तिथे काय उपस्थित करायचे हे तोंडी ठरवावे. मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात ठेवण्याची रीत जगभर आहे. तुमचे काम मंत्री बसण्यापूर्वी कंस मोजण्याचे. आदल्या रात्री दोन-तीन कंस उरले असतील तर भेट योग्य वेळी आहे. वीस उरले असतील तर अधिकाऱ्यांना आणखी एक रात्र द्यावी.

कंस फुटतच नसेल तर मतभेद लपवण्यापेक्षा ते नीट मांडावेत. फेब्रुवारी १९७२ च्या शांघाय निवेदनात अमेरिका आणि चीन यांनी आपापली भूमिका स्वतंत्र परिच्छेदांत लिहिली आणि मग जेवढे समान तेवढेच एकत्र लिहिले. दोघांचीही संध्याकाळची वाक्ये एकाच कागदात सामावण्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. मोघम शब्द मात्र जपून वापरावेत. नोव्हेंबर १९६७ चा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २४२ इंग्रजीत ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ इस्रायलच्या माघारीविषयी बोलतो आणि तिथे निश्चितता दाखवणारे ‘द’ हे उपपद नाही. फ्रेंच पाठात तसे उपपद आहे. सर्व प्रदेश की काही प्रदेश, हा वाद अर्धशतकानंतरही चालूच आहे. संदिग्धता मुद्दाम ठेवली असेल तर ती वाटाघाटीची युक्ती ठरते, नजरचुकीने राहिली तर पुढच्या पिढीचे भांडण होते. म्हणून दोन्ही भाषांतील पाठ शेजारी ठेवून, दोन्ही बाजूंच्या भाषातज्ज्ञांसमोर, ओळीने ओळ वाचून घ्यावेत. कोणता पाठ प्रमाण मानायचा तेही त्याच कागदावर लिहावे. दोन प्रती असतील तर प्रत्येक प्रतीत त्या त्या देशाचे नाव आणि सही आधी येते, हा जुना पर्यायक्रम पाळावा. सहीच्या अधिकाराविषयी एक सोय आहे: १९६९ च्या करारविषयक व्हिएन्ना संहितेच्या सातव्या कलमानुसार परराष्ट्रमंत्र्याला आपल्या देशाच्या वतीने करारावर सही करण्यासाठी वेगळे अधिकारपत्र दाखवावे लागत नाही.

दुभाषी प्रत्येकाने आपापला आणावा आणि त्याने आपल्याच मंत्र्याचे बोलणे भाषांतरित करावे. त्यामुळे चुकीचा दोष समोरच्यावर जात नाही. वाक्यामागून वाक्य असे भाषांतर असेल तर वेळ निम्मा होतो. साठ मिनिटांच्या भेटीत प्रत्यक्ष बोलणे तीस मिनिटांचे, म्हणजे प्रत्येक मंत्र्याच्या वाट्याला पंधरा. हा हिशेब मंत्र्याला आदल्या दिवशी सांगितला नाही तर तो प्रास्ताविकातच दहा मिनिटे घालवतो. दुभाष्यांना विषयाची संज्ञासूची आणि मसुदा आधी द्यावा. मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी लाव्हरोव्ह यांना संबंध नव्याने सुरू करण्याचे प्रतीक म्हणून एक बटण भेट दिले. त्यावरील रशियन शब्दाचा अर्थ ‘अतिभार’ असा होता. लाव्हरोव्ह यांनी ते तिथेच, कॅमेऱ्यांसमोर सांगितले. हसण्यावर निभावले, कारण त्या दिवशी दोघांनाही हसायचे होते.

सातवी पायरी: कॅमेरे

माध्यमांना पूर्ण दूर ठेवायचे की थोडे आत घ्यायचे, हा निर्णय संध्याकाळच्या वाक्यांवरून घ्यावा. नोव्हेंबर १९९५ मध्ये बॉस्नियाची बोलणी अमेरिकेतील डेटनजवळच्या हवाई दलाच्या तळावर तीन आठवडे चालली, आणि लष्करी कुंपणामुळे पत्रकार बाहेरच राहिले. उलट मार्च २०२१ मध्ये अमेरिका आणि चीनचे वरिष्ठ प्रतिनिधी अलास्कातील अँकरेजमध्ये बसले, तेव्हा कॅमेऱ्यांसमोरची सुरुवातीची भाषणे काही मिनिटांची ठरली होती. ती तासाहून अधिक चालली आणि जगाने चर्चेऐवजी खडाजंगी पाहिली. कॅमेऱ्यांसमोर मंत्री समोरच्याशी बोलत नाही, घरच्यांशी बोलतो. म्हणून छायाचित्रकारांना आत घ्यायचे तर भाषण नको, फक्त चित्र. आणि त्यांना बाहेर नेण्याची जबाबदारी नाव घेऊन एका माणसावर सोपवावी.

चित्रही निरुपद्रवी नसते. जानेवारी २०१५ मध्ये केरी आणि झरीफ बैठकीतून उठून जिनिव्हाच्या रस्त्यावर सुमारे पाव तास फिरले. त्यांच्या त्या चालण्याची छायाचित्रे तेहरानला पोचली आणि झरीफ यांना तिथल्या लोकप्रतिनिधींच्या टीकेला तोंड द्यावे लागले. म्हणजे मैत्रीचे चित्रही एखाद्या मंत्र्याला महागात पडते. समोरच्या मंत्र्याला घरी कोणते चित्र जड जाईल, हे त्याच्या अधिकाऱ्यांना सरळ विचारावे. ते सांगतात, कारण विचारणाऱ्याने आपली काळजी घेतली हे त्यांना कळते.

निवेदनांचे तीन मसुदे आदल्या दिवशीच तयार ठेवावेत: एकमत झाल्यास, अर्धवट प्रगती झाल्यास आणि काहीच न झाल्यास. तिसरा मसुदा सर्वांत काळजीपूर्वक लिहावा, कारण तो ज्या क्षणी लागतो त्या क्षणी शांतपणे लिहिण्याची कोणाचीच मनःस्थिती नसते. पत्रकार परिषद एकत्र घ्यायची की वेगळी, आणि वेगळी असेल तर आधी कोण बोलणार, हेही तेव्हाच ठरलेले असावे.

भेटीचा दिवस आणि त्यानंतर

त्या दिवशी तुमची जागा खोलीच्या आत नसून दाराबाहेर असते. कार्यक्रमाच्या वेळा हाताशी ठेवाव्यात, पण चर्चा रंगली तर घड्याळ दाखवायला आत जाऊ नये. मंत्र्याला उठायचे असेल तर त्याच्याच सहायकाने चिठ्ठी आत न्यायची असते, यजमानाच्या माणसाने नव्हे. चर्चा फिसकटताना दिसली तर विश्रांती जाहीर करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे यजमानाशी आधी बोलून ठेवलेले असावे. एखादा मंत्री रागाने उठला तर त्याची गाडी कुठे उभी आहे आणि वाटेत पत्रकार आहेत का, याचे उत्तर तुमच्याकडे तयार असले पाहिजे, कारण मागच्या दाराने शांतपणे गेलेला मंत्री दोन दिवसांनी परत येऊ शकतो आणि पुढच्या दारात तणतणून बोललेला येऊ शकत नाही.

मंत्री खुर्चीवरून उठण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख, निदान अधिकाऱ्यांच्या पातळीवरची, ठरून घ्यावी. त्याच रात्री दोन्ही बाजूंच्या नोंदी घेणाऱ्यांनी एकत्र बसून फक्त कबूल केलेल्या गोष्टींची यादी ताडून पाहावी; बाकीचे बोलणे प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लिहावे. सकाळपर्यंत थांबले तर दोन्ही राजधान्यांकडे वेगवेगळे अहवाल गेलेले असतात आणि मग ते बदलणे कोणालाही कमीपणाचे वाटल्याशिवाय राहत नाही.

आणि सर्वजण गेल्यावर खोली स्वतः तपासावी. मसुद्याच्या कच्च्या प्रती, रेघोट्या मारलेली पाने, पाटीखाली दडलेली चिठ्ठी, हे सारे गोळा करून दोन्ही बाजूंच्या संमतीने परत द्यावे किंवा नष्ट करावे. १९९१ च्या त्या जिनिव्हा भेटीत बेकर यांनी सद्दाम हुसेन यांच्यासाठी आणलेले अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे पत्र अझीझ यांनी वाचले, ते नेण्यास नकार दिला आणि ते टेबलावरच सोडून दिले. असा कागद मागे राहिला तर तो कोणी उचलायचा आणि कोणाच्या ताब्यात द्यायचा, हे कार्यक्रमपत्रिकेच्या तुमच्या प्रतीवर आधीच लिहून ठेवावे.